कुठले सब्बाग?

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजही नाहीच जमलं. नकार द्यायची या लोकांची रीत आता मला पाठ झाली आहे. आधी फाईल मिटतात, मग 'कळवू' म्हणतात आणि मग उगाचच विचारतात, येताना रस्त्यात गर्दी नव्हती ना फार?

प्रश्न नेहमीचाच. फार्मासिस्टलाही आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात, म्हणून सुरुवात नेहमी आदरानं. "डॉक्टर दुहा, फार्मसीची पदवी चांगली आहे, मार्क चांगले आहेत, पण ही मधली दोन वर्षं तुम्ही काय करत होतात?" मी खरं ते सांगितलं. आईच्या किडन्या गेल्या होत्या, तिला डायलिसिसला नेणं-आणणं माझ्याकडे होतं, आणि रमजानच्या आधी ती गेली. टेबलापलीकडच्या तिघांनी खाली बघत 'अल्ला त्यांच्यावर दया करो' म्हटलं. मग फाईल मिटली.

एक गोष्ट इथं लिहून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. 'ती गेली' म्हणताना माझा आवाज कापला. पहिल्या मुलाखतीत तो आपोआप कापला होता. आज मी तो कापू दिला. बाहेर पडून बससाठी उभी राहिले आणि अशी लाज वाटली म्हणून सांगू! आईचं मरण ताटात घालून त्यांच्यापुढं सरकवलं, आणि त्यांनी तेही घेतलं नाही.

बाबा दारातच उभे होते. "खरं सांगितलंस ना?"

"हो."

"मग झालं. खऱ्याला जरा उशीर लागतो."

"उशीर म्हणजे किती बाबा? माझ्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली."

बाबा हसले. त्यांचा जन्म गेला अम्मानच्या मर्का भागातल्या गल्ल्यांतून पाण्याचे मीटर वाचण्यात. आकडा थोडा कमी लिही म्हणून लोक त्यांच्यापुढं चहा, सिगारेटी, काय काय ठेवायचे. एका बाईनं तर जिवंत कोंबडी त्यांच्या बगलेत खुपसून दिली होती. बाबांनी कोंबडी खाली सोडली आणि आकडा होता तोच लिहिला. आमच्या गल्लीतले म्हातारे अजून त्यांना चिडवायला 'मीटर' म्हणतात. बाकी सगळ्यांसाठी ते 'अबू दुहा', दुहाचा बाप. मला भाऊ नाही, तेव्हा बिचारा बाप माझ्याच नावानं ओळखला जातो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नमाजनंतर बाबा अंगणात हिरवी जैतुनं ठेचत बसले. मी मीठ-लिंबाच्या पाण्याच्या बरण्या भरत होते. शेजारच्या साबिरची आई, उम्म साबिर आल्या, म्हणजे नेहमीप्रमाणे मदतीला म्हणून आल्या आणि चाखत बसल्या.

बाबांना हुक्की आली. दगड बाजूला ठेवून साहेब झाले. "हं, डॉक्टर दुहा. तुमच्यातला एक दोष सांगा."

"मी गरजेपेक्षा जास्त मेहनत करते."

"हा दोष? असं बोलणाऱ्याला मी चहासुद्धा विचारणार नाही. खरा सांग."

"मला पटकन रडू येतं. आणि कुणी चूक काढली की दोन दिवस घुम्यासारखी बसते."

"हे सांग."

"अहो अबू दुहा," उम्म साबिर म्हणाल्या, "असं सांगून नोकरी मिळते का कुठं? या शहरात बरी जागा बघून कबर खणून घ्यायची तरी ओळख लागते! पोरीला वशिला शोधा, वशिला. तुमच्या सब्बाग आडनावाची किती माणसं मोठमोठ्या जागांवर आहेत. जबल अम्मानचे ते हाजी बुरहान सब्बाग घ्या."

"ते आपले कुणी नाहीत," बाबा म्हणाले. "त्यांचे पूर्वज वेगळे, आपले वेगळे. कुणीतरी एक कपडे रंगवायचा म्हणून सब्बाग, दुसऱ्या गावात दुसरा रंगवायचा म्हणून तोही सब्बाग. रंगारी काय एकच होता जगात?"

"जाऊन सलाम करायला काय जातं?"

"माझी मान जाते," बाबा म्हणाले आणि परत जैतुनं ठेचायला लागले. मी हसले. बाबांचं बोलणं ऐकायला छान असतं. ते घेऊन मुलाखतीला जावं लागतं ते मला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज जे झालं ते झालं तसं लिहिते. निदान इथं तरी.

शमीसानी भागातली, औषधं आयात करणारी कंपनी. नव्या औषधांची सरकारदरबारी नोंदणी करायचं काम, अगदी माझ्या मनासारखं. बाहेर बाकावर बसलेल्या मुलींकडे बघूनच माझं अवसान गेलं. एकीच्या पायांत इतके सुरेख बूट होते की तिला नोकरीची गरजच काय असं वाटलं.

आत एकच माणूस, विभागाचे प्रमुख. पन्नाशीचे, जाड चष्मा, टेबलावर अर्धं खाल्लेलं, झातर मसाल्याचं सँडविच. सगळे त्यांना उस्ताज, म्हणजे सर, मुहन्नद म्हणतात. त्यांनी कागद उचलला, नाव वाचलं आणि मान वर केली.

"सब्बाग? कुठले सब्बाग?"

मला वाटलं होतं, ते दोन वर्षांचं विचारतील. मी आवाजसुद्धा तयार ठेवला होता. हा प्रश्न आल्यावर मी नुसतीच बघत राहिले.

"जबल अम्मानचे? हाजी बुरहानचे?" त्यांचा चेहराच बदलला. "माझे वडील हाजींच्या धान्याच्या गोदामात पोती वाहायचे. माझी कॉलेजची फी कुणी भरली माहीत आहे? हाजींनी. आणि कधी बोलून दाखवलं नाही. ते तुमचे कोण? वडिलांचे चुलतभाऊ?"

मी मान हलवली.

एवढंच. तोंडातून एकही खोटा शब्द काढला नाही. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. मान काय परक्याची होती?

त्यानंतर मुलाखत झालीच नाही. 'डॉक्टर'वरून ते एकदम 'बेटा'वर आले. माझ्यासाठी कॉफी मागवली. दोन वर्षांचं विचारलं नाही, दोष विचारला नाही, मार्कांकडे पाहिलं नाही. "त्या घरची मुलगी माझ्या दारी आली आणि मी परत पाठवली, तर माझा बाप कबरीतून उठून मला जाब विचारेल," म्हणाले.

बाहेर ती सुरेख बुटांची मुलगी मला 'कसं झालं?' म्हणून विचारत होती. 'ठीक,' म्हटलं, आणि खाली मान घालून जिना उतरले.

घरी बाबा म्हणाले, "खरं सांगितलंस ना?" मी 'हो' म्हटलं. रोजच्या सवयीनं तोंडातून गेलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

फोन आला. दोन तारखेपासून रुजू व्हायचं.

 बाबांनी आत जाऊन चपला घातल्या, बाहेर गेले आणि मोठं तबक भरून गरम कनाफे, ती पाकातली चीजची मिठाई, घेऊन आले. सगळ्या गल्लीत वाटली. वाण्याला, न्हाव्याला, त्या 'मीटर' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना तर हाताला धरून भरवली. प्रत्येकाला एकच सांगत होते, "पोरगी खरं बोलत राहिली. वाट बघितली, पण खरंच बोलली. आणि मिळाली."

उम्म साबिर म्हणाल्या, "म्हणजे वशिला अजिबात नाही?"

"वशिला?" बाबांनी जीभ बाहेर काढून जिभेवर बोट ठेवलं. "हा आमचा वशिला!"

सगळे हसले. माझ्या तोंडात कनाफेचा घास होता, तो गिळता येईना. बाबांना वाटलं, मला आनंदानं भरून आलंय. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला आजवर उगाच वाटायचं.

सांगून टाकायला हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर? आणि ते गेल्यावर बाबा तबक घासत गुणगुणत होते. आई गेल्यापासून त्यांना गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कामाचं काय सांगू, मला ते येतं. खरंच येतं. एका औषधाच्या कागदांत साठवणुकीचं तापमान चुकलं होतं, ते मी पकडलं. उस्ताज मुहन्नदनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि पुढं म्हणाले, "रक्तातच असतं ते. हाजींची नजर अशीच होती." माझ्या कष्टाचं श्रेयसुद्धा हाजींना गेलं. बोलायचं कुणाला? आयत्या बिळावर बसल्यावर नागोबानं तक्रार करू नये.

संध्याकाळी त्यांनी खजुरांचा एक मोठा डबा माझ्या हातात दिला. "मदिनेहून आणलेत. हाजींना दे, म्हणावं गोदामातल्या हमालाच्या मुलाचा सलाम."

डबा घेऊन कुठं जाणार? घरी आले. बाबांना म्हटलं, ऑफिसात वाटले. बाबांनी चहाबरोबर खाल्ले, दोन उम्म साबिरकडे धाडले. "चांगली माणसं दिसतात तुझ्या ऑफिसातली," म्हणाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"हाजींना आवडले का खजूर?"

"फार."

"पण त्यांना साखरेचा त्रास आहे ना?"

"एकच खाल्ला. बाकीचे घरच्यांनी."

हे मात्र मानेनं नाही, तोंडानं बोलले. आणि किती पटकन! मला वाटत होतं खोटं बोलायला धाडस लागतं. काही लागत नाही. एकदा सुरुवात झाली की ते आपलं आपण चालतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी ऑफिसात पोचले, खुर्चीवर पर्स ठेवली, तोच उस्ताज मुहन्नद समोर. डोळे लाल. "बेटा, तू इथं काय करतेस? घरी जा! अल्ला तुम्हा सगळ्यांना धीर देवो." मी बघतच राहिले. "म्हणजे तुला कुणी सांगितलं नाही? काल रात्री हाजी गेले." लमीस, माझ्या शेजारच्या टेबलावरची, धावत आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. स्वभावानं फार हळवी आहे ती. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, कारण चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

"आम्ही सगळे दुपारी असरच्या नमाजनंतर येतो," उस्ताज म्हणाले. "आख्खं ऑफिस. तू पुढं हो."

पुढं हो! कुठं? घरी जावं तर तिकडं सगळे मला शोधणार. दुखवट्याच्या घरात घरची मुलगी नाही, म्हणजे काय? वाट्टेल ते खपेल, पण हे नाही खपत. गावभर बोभाटा होतो. दोन तास रस्त्यांवरून नुसती हिंडले. मग काळा रुमाल विकत घेऊन डोक्याला बांधला आणि जबल अम्मानला गेले. मनाला समजावलं, एवढं मोठं घराणं, शेपन्नास चुलत-मावस, कोण कुणाला ओळखतं?

घरासमोर रस्त्यात पुरुषांसाठी तंबू ठोकला होता. बायका आत. दिवाणखान्यात भिंतीकडेनं खुर्च्या, काळे कपडे, एक बाई सादी कडू कॉफी फिरवत होती. दाराजवळून सुरुवात करून मी सगळ्यांचे हात हातात घेत गेले आणि घरच्या बायकांच्या रांगेत, अगदी टोकाला, एका म्हातारीशेजारी जाऊन बसले. ती हाजींची बहीण होती. तिनं माझा हात घेतला तो सोडलाच नाही.

"तू कुणाची ग?"

"अबू दुहांची."

तिनं डोळे बारीक केले. तिला काही आठवत नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. पण दुखवट्याला आलेल्या पोरीला 'ओळखत नाही' कसं म्हणणार? "हो हो," ती म्हणाली, "अबू दुहांची. तुझी आई कशी आहे? फार दिवसांत दिसली नाही."

मी म्हणाले, "बरी आहे."

"माझा सलाम सांग तिला."

"सांगते."

हे वाक्य लिहून मी मघापासून बघत बसले आहे. आईला सलाम सांगते म्हणाले मी.

मग ऑफिसातल्या बायका आल्या. एकेक करून रांगेतून पुढं आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. लमीसनं मला जवळ घेतलं, दोन्ही गालांना गाल लावले. आणि माझ्या कानात म्हणाली, "तू निघाल्यावर तुझ्या फॉर्मवरचा नंबर घेऊन तुझ्या वडिलांना मी फोन केला होता ग, सांत्वनाला. आधी त्यांना काही समजेचना, इतका धक्का बसला होता बिचाऱ्यांना. कोण गेलं, कोण गेलं, असंच विचारत होते. आम्ही किती वाजता येणार तेही विचारून घेतलं त्यांनी."

पुढचं कुणाचं बोलणं मला ऐकू आलं नाही. कॉफीचा कप तसाच ठेवून मी उठले. तंबूच्या बाजूनं बाहेर पडायची वाट होती. तंबूत घरचे पुरुष रांगेनं उभे होते, हाजींचे मुलगे, जावई, पुतणे. आणि रांगेच्या शेवटी, तपकिरी कोटात, बाबा.

उस्ताज मुहन्नदनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला होता. बाबा मान तुकवून, घरच्या माणसानं बोलावं तसं त्यांना म्हणत होते, "तुमचे पाय लागले, अल्ला तुमचं भलं करो." मग पुढच्याचा हात. मग त्याच्या पुढच्याचा.

घरी येताना टॅक्सीत आम्ही बोललो नाही. बरोबर आणखी तीन उतारू होते. घरी आल्यावर बाबांनी कोट काढून खुंटीला लावला, पाणी प्यायले आणि समोर बसले.

"तू नेमकं काय सांगितलं होतंस? नीट सांग. म्हणजे माझं तुझ्याशी जुळेल. मी 'चुलतभाऊ' म्हणालो. बरोबर आहे ना?"

मी हो म्हटलं. मी रडायला लागले. एरवी मी रडले की ते म्हणतात, हा बघ, हा तुझा खरा दोष. आज काही म्हणाले नाहीत.

"बाबा, मला माफ करा. मी उद्याच जाऊन सांगते त्यांना सगळं."

"उद्या दुखवट्याचा दुसरा दिवस आहे," ते म्हणाले. "माझ्या कपड्यांना इस्त्री करून ठेव."

"तुम्ही उद्या परत जाणार?"

"एक दिवस उभा राहून दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो तो घरचा माणूस नसतो. तुझे साहेब रोज येणार आहेत, मला म्हणाले. मी दिसलो नाही तर तुला विचारतील."

ते मला शिक्षा करताहेत, दुसरं काय. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. असं समोर उभं राहून मला दाखवताहेत, बघ, तू काय करून ठेवलंस.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ऑफिसनं मला रजा दिली आहे. बायकांच्यात जाऊन बसले. म्हातारीनं शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवली होती आणि येणाऱ्या बायकांना सांगत होती, "ही आमच्या अबू दुहांची. हिची आई माझी जुनी मैत्रीण." तिच्या डोक्यात माझी आख्खी कुंडली तयार झाली आहे. मी मूग गिळून बसले.

खिडकीतून तंबू दिसतो. दुपारभर बाबा उभे होते. हाजींचा धाकटा मुलगा त्यांना खुर्ची आणून देत होता, 'काका, बसा' म्हणत होता. बाबा बसले नाहीत. बाबांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे.

येताना गल्लीच्या तोंडाशी ते म्हातारे बसले होते. "काय मीटर, दोन दिवस कोट घालून कुणीकडं?" बाबा म्हणाले, "काम होतं." बाबांनी कधी कुणाला असं तोडून उत्तर दिलेलं मला आठवत नाही. 

मी गुडघ्यांना तेल लावते म्हटलं. "नको," म्हणाले, "माझं मी लावतो." अजून रागावलेत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तिसरा दिवस. संपलं एकदाचं.

उम्म साबिर वाटी परत करायला आल्या होत्या. "तुझ्या बापाचं बिनसलंय का ग काही? अबू साबिर सांगत होते, आज मशिदीत अगदी मागच्या रांगेत चपलांपाशी बसला होता. एवढी वर्षं पहिल्या रांगेतली जागा सोडली नाही त्या माणसानं. इमामानं खूण केली, पुढं या म्हणून, तरी गेला नाही."

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हटलं. तसंच असणार. पहिल्या रांगेपर्यंत जायचं म्हणजे माणसांतून वाट काढावी लागते.

बाबा तंबूतून उशिरा आले. जेवायला बसलो. मसुराची आमटी होती. बाबा म्हणाले, "बरा माणूस होता म्हणे. खूप जणांच्या फिया भरल्या त्यानं." मी म्हटलं, हो. मग बराच वेळ ते भाकरीचा तुकडा आमटीत नुसताच फिरवत राहिले. "माझ्यानं कुणाची फी भरणं झालं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझी भरलीत की." त्यांनी मान हलवली आणि ताट सारून उठले. त्यांच्या मनात काय चाललंय मला कळत नाही. कदाचित मी कळून घ्यायला घाबरते.

ठरवलं आहे. रविवारी नवा आठवडा सुरू होतो, ऑफिसला गेले की पहिलं काम तेच. नोकरी जाईल. जाऊ दे. गल्लीला काय सांगायचं ते नंतर बघू. निदान बाबांच्या समोर बसून जेवता येईल. त्यांना आत्ता सांगत नाही. झाल्यावर सांगेन.

रविवार, ३० नोव्हेंबर

गेल्या गेल्या त्यांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. बसायला सांगितलं तरी बसले नाही.

"उस्ताज, मी हाजींच्या घरातली नाही."

त्यांना वाटलं, मी घरातल्या काही भांडणाचं सांगते आहे. "असं म्हणू नये बेटा. मोठ्या घरात रुसवेफुगवे असतातच."

"तसं नाही. आमचं नुसतं आडनाव एक आहे. मुलाखतीत तुम्ही विचारलंत तेव्हा मी मान हलवली. मला नोकरी हवी होती. खजूर हाजींकडे पोचलेच नाहीत. आमच्या घरातल्या कुणीही हाजींना जिवंतपणी कधी पाहिलेलं नाही."

सगळं एका दमात सांगून टाकलं. आवाज कापला नाही. मी मुद्दाम कापू दिला नाही. किती हलकं वाटलं! आता ते ओरडतील, घालवून देतील, आणि मी उजळ माथ्यानं घरी जाईन, असं वाटलं.

उस्ताज मुहन्नद ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझे वडील तीन दिवस त्या तंबूत उभे होते."

"हो."

"शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, अबू दुहा, तुमच्या मुलीला मी हाजींच्या नावाखातर घेतलं, पण पोरगी कामाची निघाली. माझा हात हातात घेऊन त्यांनी काय उत्तर दिलं सांगू? म्हणाले, 'हाजी माझे चुलतभाऊ होते. पण मुलगी माझी आहे.'"

मी टेबलावरच्या चष्म्याकडे बघत राहिले.

"माणूस बघितला की कळतो मला," ते म्हणाले. "तीस वर्षं माणसंच निवडतोय. दुखवट्याच्या दारात, मेलेल्याच्या मुलांशेजारी उभा राहून, त्या वयाचा तो माणूस माझ्याशी खोटं बोलला? असं म्हणायचंय तुला?"

एक 'हो' म्हणायचं होतं. 'हो, माझ्यासाठी बोलले,' म्हटलं की मी मोकळी. शुक्रवारपासून पाठ करून ठेवलेल्या बोलण्यात हा प्रश्न नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि मला बाबा दिसत होते, पुढच्याचा हात, मग त्याच्या पुढच्याचा हात.

"सांग. तुझे वडील खोटं बोलले?"

"नाही," मी म्हणाले. "माझे बाबा कधी खोटं बोलत नाहीत."

त्यांनी सुस्कारा सोडला, चष्मा परत घातला. "दुःखात माणूस काहीबाही बोलतं बेटा. जा, चहा घे आणि कामाला लाग."

मी जागेवर येऊन बसले. लमीसनं न विचारताच चहा आणून ठेवला.

माझे बाबा कधी खोटं बोलत नाहीत. गेल्या मंगळवारपर्यंत ते खरं होतं.